लोखंड कुणाचं, छापखाना कुणाचा?



दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला आपण चंद्रपुरात जमतो. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब इथं आले आणि १६ ऑक्टोबरला त्यांनी इथल्या माणसांना धम्माची दीक्षा दिली. म्हणून माणसं येतात. रेल्वेनं, ट्रकनं, पायी येतात. पुस्तकाच्या दुकानावर झुंबड असते, रात्रभर भीमगीतं होतात. सकाळी आपण निळा झेंडा गुंडाळून घरी जातो.

त्याच मुलखात दुसरी एक रांग आपण पाहिली आहे. एटापल्लीकडून आलापल्ली, आलापल्लीहून आष्टी. लाल दगड भरलेले ट्रक, एकामागं एक. रस्ता लाल, धानाची पातीही लाल. पुढं २०२५ साली हेडरी ते कोनसरी पाइपलाइन झाली, तोच दगड आता पाण्यात कालवून नळानं जातो. या रांगेबद्दल आपण काय बोललो? रस्ता खराब झाला म्हणून बोललो. अपघातात आपला माणूस गेला तेव्हा चक्काजाम केला. पण हा दगड कुणाचा, हे विचारलंच नाही. तोच प्रश्न आज विचारतो. उत्तरासाठी थोडा इतिहास उकरावा लागेल. खणायची सवय आपल्या लोकांना आहेच.

चांद्याचं लोखंड

चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. या जंगलात लोखंड आहे हे इंग्रजानं शोधलं नाही. जंगलातला माणूस मातीच्या भट्टीत लाकडी कोळसा घालून, भाता मारून दगडातून लोखंड गाळत होता. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ गावातच व्हायचा. मग १८७८ चा जंगल कायदा आला. जंगल 'राखीव' झालं. कुणासाठी राखीव? सरकारच्या तिजोरीसाठी. कालपर्यंत जो माणूस कोळसा पाडत होता, तो आज चोर ठरला. वर विलायती लोखंड स्वस्तात येऊन पडलं. भट्ट्या विझल्या.

त्याच्याही आधी, १८५८ साली, मोलमपल्लीचा जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला होता. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. आपल्या शाळेच्या पुस्तकात सत्तावनच्या उठावाची किती पानं होती ते आठवा, आणि त्यात बाबुरावाचं नाव किती वेळा आलं तेही आठवा.

फाशीनंतर चोवीस वर्षांनी, १८८२ साली, एका जर्मन भूगर्भवाल्याचा अहवाल निघाला. त्याचं नाव रिटर फॉन श्वार्त्झ. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा गावचा दगड उत्तम आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यानं लिहिलं. हा अहवाल नागपूरच्या एम्प्रेस मिलचे मालक जमशेटजी टाटा यांनी वाचला. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायचं त्यांचं स्वप्न इथून सुरू झालं. वरोऱ्याचा कोळसा तपासला, तो पोलादाला चालेना. सरकारच्या खाणीच्या अटीही जाचक होत्या. वीसेक वर्षांनी पुन्हा खटपट झाली, १९०४ साली त्यांची माणसं चांद्याच्या जंगलात फिरली. चांगला दगड विखुरलेला निघाला, म्हणून ते पुढं गेले. शेवटी मयूरभंजचा दगड सापडला, १९०७ साली कंपनी नोंदली, १९१२ साली साकचीला पोलाद निघालं. साकचीचं जमशेदपूर झालं.

हा इतिहास पुस्तकात 'उद्योगपतीची दूरदृष्टी' म्हणून येतो. दूरदृष्टी असेल बाप्पा, नाही कोण म्हणतो? पण ज्याची भट्टी विझली तो माणूस त्या पुस्तकात कुठं आहे? तो डोंगरावर वाटाड्या म्हणून येतो, कुली म्हणून येतो. मालक म्हणून कधीच येत नाही. इतिहास लिहिणाऱ्यानं पाटी पुसली, मग तिच्यावर नवं नाव लिहिलं.

सुरजागड

आता शंभर वर्षं पुढं या. २००७ साली एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड डोंगरावर ३४८ हेक्टरची लोखंडाची लीज लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाली. डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीत तिथं यात्रा भरते, भोवतालच्या इलाख्यातली गावं येतात. माडिया म्हणजे सरकारच्याच यादीत 'विशेष असुरक्षित' लिहिलेली जमात. त्यांच्याच देवाचा डोंगर लीजमध्ये गेला.

लीज म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण खरी गंमत तिथं आहे. २००७ साली लोखंडाच्या दगडावर रॉयल्टी टनावर होती. चांगल्यात चांगल्या दगडाला टनामागं २७ रुपये. एक टन डोंगर, सत्तावीस रुपये! २००९ साली ती किमतीच्या १० टक्के झाली, २०१४ साली १५ टक्के. २०१५ साली कायदा बदलला, नव्या खाणी लिलावानं द्यायचं ठरलं. जुन्या लीजवाल्यांनी मात्र रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज निधीत भरायची, बस. हिशोब करा. सरकारी भावानं शंभर रुपयांचा दगड निघाला तर पंधरा रुपये सरकारला, साडेचार रुपये जिल्ह्याच्या निधीला. उरलेल्या ऐंशीतून खोदाई, वाहतूक, मजुरी, बाकी करपट्टी वजा करा आणि जे राहील ते मालकाचं. ज्या गावाचा डोंगर आहे त्या ग्रामसभेच्या हातात थेट किती? शून्य.

खाण लगेच चालली नाही. २०१३ साली कंपनीचा एक मोठा अधिकारी आणि त्याच्यासोबतची माणसं नक्षलवाद्यांनी मारली. २०१६ च्या डिसेंबरात खाणीवरच्या कितीतरी गाड्या जाळल्या. २०२१ पासून काम जोरात सुरू झालं, भोवती पोलिसांची ठाणी बसली. २०२२ च्या ऑक्टोबरात खाण वाढवण्याची जनसुनावणी झाली. कुठं? गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कचेरीत, डोंगरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. २०२३ साली वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांची मंजुरी आली. त्याच वर्षी तोडगट्टा गावात माडिया गावांनी नव्या खाणींविरुद्ध आठ महिन्यांवर ठिय्या दिला. नोव्हेंबरात पोलिसांनी तो मोडला.

बंदुकीचा रस्ता आपला नाही. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स दोघांना समोर ठेवून सांगितलं की शोषण संपवायचं हे दोघांचंही म्हणणं, पण हिंसेनं मिळालेलं टिकत नाही. पण तोडगट्ट्याला बंदूक नव्हती. तिथं मांडव होता, ग्रामसभेचे ठराव होते. तरी त्याची बातमी किती ओळींची आली?

सातासमुद्रापलीकडं तोच दगड

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. जगाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबारा नावाचा मुलूख आहे. तिथंही असाच लाल दगड, तिथंही आदिवासी. १ मे १९४६ ला तिथल्या गुराख्यांच्या वाड्यांवर राबणाऱ्या सुमारे ८०० आदिवासी मजुरांनी संप केला. मजुरी म्हणून त्यांना पीठ, चहा, कपडे, जमलं तर चार नाणी मिळायची. आपल्या बलुत्याची आठवण येते ना? संप तीन वर्षं चालला.

१९५२ साली त्याच मुलखावरून विमानानं जाताना लँग हॅनकॉक या गोऱ्या मालकानं लोखंडाचे डोंगर पाहिले. पाहिले म्हणून ते त्याचे झाले! पुढं मोठ्या कंपनीशी करार झाला आणि निघणाऱ्या दगडावर अडीच टक्के हक्क त्याच्या आणि भागीदाराच्या घराण्यांकडं चालू राहिला. न खणता, न उचलता. १९६९ साली दोघांनी स्वतःचं साप्ताहिकही काढलं. याच हॅनकॉकनं १९८४ च्या एका फिल्ममध्ये कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मिश्र रक्ताच्या आदिवासींच्या पाण्यात औषध टाकून त्यांची पैदास बंद करावी. मनुस्मृती एकट्या मनूनंच लिहिली नाही, दोस्तांनो.

त्याची मुलगी जीना राइनहार्ट ऑस्ट्रेलियातली सर्वांत श्रीमंत बाई झाली. २०१० च्या मे महिन्यात तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारनं खाणवाल्यांच्या जादा नफ्यावर ४० टक्के कर जाहीर केला. खाणमालक सहा-सात आठवड्यांत जाहिरातींवर सुमारे २ कोटी २० लाख डॉलर उधळले. राइनहार्टबाईनं ट्रकवर उभी राहून कर रद्द करा म्हणून घोषणा दिल्या. अब्जाधीशांचा मोर्चा! २४ जूनला पंतप्रधान केविन रड यांना त्यांच्याच पक्षानं खाली उतरवलं, कर पातळ झाला. मग बाईनं एका टीव्ही कंपनीत आणि फेअरफॅक्स या वर्तमानपत्रांच्या कंपनीत भाग विकत घेतले, संचालक मंडळावर जागा मागितल्या. संपादकांच्या स्वातंत्र्याची सनद मान्य करायला मात्र नकार दिला. उरलेली बहुतेक मोठी वर्तमानपत्रं मर्डोक घराण्याची. २०२० साली याच रड यांनी त्या मक्तेदारीवर शाही चौकशी आयोग मागितला, पाच लाखांवर सह्या झाल्या. आयोग नेमला गेला नाही.

त्याच २०२० च्या मे महिन्यात रिओ टिंटो कंपनीनं लोखंडासाठी जूकन खिंडीतल्या आदिवासींच्या पवित्र गुहा सुरुंगानं उडवल्या. त्या गुहांत ४६ हजार वर्षांपूर्वीपासूनच्या माणसाच्या वस्तीच्या खुणा होत्या. ठाकूरदेवाचा डोंगर ज्यानं पाहिला त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आणि हे लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर २०२३. आपण दीक्षाभूमीवर जायच्या तयारीत होतो. त्या दिवशी ऑस्ट्रेलियात मतदान झालं. आदिवासींना संसदेपुढं म्हणणं मांडायला घटनेत एक मंडळ द्यायचं का, एवढाच प्रश्न. सल्ला द्यायचा हक्क, निर्णयाचा नाही. शंभरातल्या साठांनी 'नाही' म्हटलं. ज्यांची जमीन, त्यांना तोंडसुद्धा द्यायचं नाही!

या दोन मुलखांना जोडणारा एक धागा चंद्रपुरातूनच जातो. चंद्रपूरजवळच्या लोहाऱ्याची (टाटांचं लोहारा वेगळं) कोळसा खाण तिरोड्याच्या वीजघरासाठी अदानी कंपनीला द्यायचं ठरलं होतं. जागा ताडोब्याच्या जंगलाला लागून. चंद्रपूरचे लोक उठले, उपोषणं झाली. २००९ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या समितीनं नकार दिला, २०१० च्या जानेवारीत वाट बंद झाली. त्याच २०१० च्या ऑगस्टात अदानींनी ऑस्ट्रेलियात कारमायकल ही कोळशाची जागा विकत घेतली. तिथल्या आदिवासींपैकी काहींनी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली, एका पुढाऱ्याला कोर्टखर्चापायी २०१९ साली दिवाळखोर ठरवलं. २०२१ च्या अखेरीस तो कोळसा जहाजात चढला. २०२२ च्या अखेरीस अदानींनी आपल्याकडची एनडीटीव्ही वाहिनी ताब्यात घेतली. आधी खाण, मग पडदा. हॅनकॉकचाच धडा.

बातमीचा कारखाना

आपल्या विदर्भाकडं पाहा. 'लोकमत' चालवणाऱ्या दर्डा घराण्यात आमदार, मंत्री, खासदार झाले. विजय दर्डा राज्यसभेत होते. छत्तीसगडातल्या एका कोळसा खाणीच्या वाटपाच्या खटल्यात २०२३ च्या जुलैत दिल्लीच्या विशेष कोर्टानं त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी वर अपील केलं, जामीन मिळाला. निकाल द्यायला कोर्ट आहे. आपला मुद्दा साधा आहे. एकाच घरात दैनिक, खासदारकी आणि कोळशाचा अर्ज असेल तर खाणीची बातमी कोण लिहील?

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती शब्दाला शब्द तीच छापून आली. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या समितीनं पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर २०१० साली अहवाल लिहिला, तर कौन्सिलनंच तो दाबला, २०११ साली तो बाहेर आला.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे घरातली चार माणसं मारली. भंडारा काही परदेशात नव्हतं. तरी सुरुवातीच्या बातम्यांत 'अनैतिक संबंध' आले, जात नाही आली. आपली माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा मोठ्या पत्रांना जाग आली. आणि गृहमंत्र्यांना त्या मोर्च्यांत काय दिसलं? नक्षलवादी! म्हणजे माडिया बोलला तर नक्षलवादी, महार बोलला तरी नक्षलवादी. शिक्का एकच, कपाळं दोन. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना २ जानेवारी २०११ ला वर्ध्यात पकडलं. ४० महिन्यांनी निर्दोष सुटले. २०१८ च्या ६ जूनला पुन्हा पकडलं. त्याच दिवशी गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या, सुरजागडच्या खाणीला विरोध करणाऱ्या महेश राऊतलाही पकडलं. ढवळे २०२५ च्या जानेवारीत जामिनावर बाहेर आले. अटक पहिल्या पानावर होती. निर्दोष सुटका कुठल्या पानावर होती, शोधून पाहा.

बाबासाहेबांनी दोन्ही पाहिलं होतं

१९२० साली 'मूकनायक' निघणार होता तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात छापायला नकार दिला, पैसे देऊनसुद्धा. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि ३१ जानेवारीला अंक निघाला. मग 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी सांगितलं की या देशातली पत्रकारिता आता साबणाच्या कारखान्यासारखा धंदा झाली आहे. तेवढीच नीती, तेवढीच जबाबदारी.

आणि धनाबद्दल? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढं त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिला पाठ केला, दुसरा गिळून टाकला. १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मागितलं की कळीचे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, शेतीही सरकारी असावी, आणि हे घटनेतच लिहावं, म्हणजे निवडणुकीगणिक बदलणार नाही. ते लिहिलं गेलं नाही. न लिहिलेल्या त्या कलमाची फळं मोजायची तर २०२२-२३ चा अभ्यास पाहा. देशातल्या एकूण संपत्तीतला ४० टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडं होता.

आपला पोट्टा काय म्हणतो

आता कडू गोष्ट. चामोर्शीचा आपला पोट्टा, बुद्धविहारात वाढलेला, आयटीआय झालेला, म्हणतो, "भाऊ, तुमी खाण बंद करा म्हणून रायले, पण मले नोकरी काऊन देत नाही?" त्याचं काय चुकलं? शेती दीड एकर, सरकारी भरती बंद. कारखाना आला, तो अर्ज करणारच. त्याला शिव्या देणारा कार्यकर्ता स्वतः पगारावर असतो.

मी त्याला नोकरी सोड म्हणत नाही. नोकरीवर जा, पण डोळे उघडे ठेवून जा. तू कायम की कंत्राटी? कंत्राटदार कोण? २०२५ च्या १ जानेवारीला कोनसरीत मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कामगारांना शेअरची प्रमाणपत्रं वाटली, फोटो सगळीकडं छापून आले. चांगलं झालं. पण एकूण शेअर किती आणि त्यातले कामगारांचे किती, हा भागाकार फोटोखाली नव्हता. तो आपण करायचा. बाबासाहेबांनी आपल्याला अर्थशास्त्र शिकवलं ते कशासाठी?

आणि माडियाकडं पाठ फिरवू नका. आपण शहरातले, शिकलेले; ते जंगलातले, मागासलेले, हे कुणाचं वाक्य आहे? कालपर्यंत आपल्याबद्दल हेच म्हणत होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडं पाहा. गोंडांचं लहान गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणालं आणि त्यावर टिकलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं बांबूची वाहतूक करू देईना. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे वनमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले, बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. जो बांबू कालपर्यंत कागद कारखान्याला कवडीमोलानं जायचा, त्याचा भाव आता गाव ठरवू लागलं. कायदा तोच, गाव जागं, कागद जपलेले. बंदूक नाही.

म्हणून पुढल्या १६ ऑक्टोबरच्या आधी तीन कामं करा. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक खाणीच्या लीजची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा. जिल्हा खनिज निधीचा पैसा कोणत्या गावात, कशावर गेला याची यादी मागा. आणि एटापल्लीच्या एका ग्रामसभेत जाऊन बसा, भाषण न करता, फक्त ऐकायला. मग जे कळलं ते लिहा. मोठ्या पत्राकडं पाठवू नका. आपला सायक्लोस्टाईल अंक आहे. शाई बोटाला लागते, अक्षर पुसट येतं, पण याचा मालक खाणीचा मालक नाही.

बाबुरावाला फाशी दिलेला तुरुंग चंद्रपुरातलाच आणि दीक्षेचं मैदानही चंद्रपुरातलंच. या दोन जागांमधलं अंतर पायी चालून जाता येतं. एवढ्या वर्षांत आपण ते चाललो नाही. या वर्षी चालू.

जय भीम.